गच्चीची दुसरी चावी

पंचशीलाने कुलूप ओढलं आणि ते हातातच आलं. कुलूप नुसतंच अडकवलेलं होतं. दार ढकललं तर सकाळीच पांढरा रंग दिलेल्या गच्चीवर, दारापासून थेट टाकीच्या कोपऱ्यापर्यंत, अनवाणी पावलं उमटलेली.

झालं! दोन दिवस इथं चिटपाखरूही फिरकायला नको, असं रंगवाल्यांनी बजावलं होतं. मागच्या मे महिन्यात याच गच्चीखालच्या घरात तिचे यजमान, आनंदराज, भोवळ येऊन पडले. पुन्हा असं ऊन लागलं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ऊन परतवणाऱ्या या रंगासाठी पंचशीलाने लातूरच्या त्या जुन्या इमारतीतलं एकेक दार ठोठावलं. सगळे राजी झाले, अडून बसल्या त्या तळमजल्यावरच्या साखराबाई. कुरडया कुठं वाळवू, म्हणून बैठकीत भांडल्या. गच्चीची दुसरी चावी त्यांच्याकडे होती; मागितली तर हरवली म्हणाल्या.

हरवली म्हणे! पंचशीला तणतणत तीन जिने उतरली.

साखराबाई दाराच्या आत स्टुलावर बसून चमच्याच्या दांड्याने तळपायाचा पांढरा रंग खरवडत होत्या. लुगड्याचा काठ ओला होता.

"मावशी, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?" पंचशीलाने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

साखराबाईंनी मान वर केली नाही.

"सकाळी मोटार कुणी लावली व्हती?"

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं, म्हणून मोटार लावली होती पंचशीलानेच. मग आनंदराजांच्या औषधपाण्यात ती विसरूनच गेली.

"तासभर वरडत व्हती. म्या बंद केली, पर टाकी वाहून वर तळं झालेलं. रंगवाल्यांनी पाणी जायच्या भोकात चिंधी कोंबलेली, ती काढली. कोपरा गेला. बाकी रंग हाय."

पंचशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वर गेली आणि पायाचा रंग काढायला खोबरेलाची बाटली घेऊन आली. विटाळ नको म्हणून सोळा वर्षं या दारातली देवघेव एकाच रीतीने चाले. पंचशीलाने उंबऱ्यावर ठेवायचं, मागं सरायचं, मग साखराबाईंनी उचलायचं. सवयीने तिने बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरली.

साखराबाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

"तिथं नको ठिवू," त्या म्हणाल्या आणि हात पुढं केला. "आत ये. हातात दे."