सहा ठिपक्यांची रेघ

मी एक जुनी काळी रेघ आहे. वहीतली नाही आणि फळ्यावरचीही नाही. मी एका व्हिडिओ गेममधली रेघ आहे. त्या गेममध्ये हातात रंगाची बादली घेऊन हिंडणारी एक मुलगी आहे. तिच्या अंगाभोवती जी जाडजूड काळी कड दिसते ना, ती मी. तिच्याभोवतीच कशाला, त्या गेममधल्या प्रत्येक दाराला, खिडकीला आणि खांबाला मी आहे. माझं नाव कुणी ठेवलं नाही. नावं मात्र पुष्कळांनी ठेवली.

मित्रांनो, मला कुणी हाताने ओढलेलं नाही, हे ऐकून तुम्ही तोंडात बोटं घालाल. या मुलीला ऑफिसात सगळे बादलीवाली म्हणायचे. तिच्या पाठीमागे तिच्याच मापाची, पण किंचित फुगीर अशी दुसरी बाहुली उभी असते. ती नखशिखांत काळी. उलटं घातलेल्या स्वेटरसारखी तिची आतली बाजू बाहेर काढलेली असते, म्हणून समोरून तिचं अंग दिसत नाही. ती फक्त कडेकडेने डोकावते. ते डोकावणं म्हणजे मी. बादलीवालीने उडी मारली की मी मारते, ती वळली की मी वळते. कौतुक तिचं, धावपळ माझी. चालायचंच.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, ते आमचं ऑफिस. खालून दिवसभर हातोडीची ठकठक यायची. वर तिघे मुख्य. चित्रं काढणारी ताई, तिची चित्रं हलती-चालती करणारा खटपट्या, आणि साहेब. खटपट्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल. कळफलक उघडून त्यातले बिस्किटांचे कण वेचत बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

ताईचे बाबा पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. शिंप्याची पाटी, न्हाव्याची पाटी, दवाखान्याची पाटी. आधी अक्षरात रंग भरायचा आणि शेवटी काळी कड काढायची, एका दमात, श्वास रोखून. मग छापील फ्लेक्स आले आणि बाबांच्या पाट्या एकेक करून उतरल्या. काही भंगारात गेल्या, काहींची गळक्या छपरांवर झाकणं झाली. शिडीवरून उतरल्यावर बाबांनी डोळे तपासून घेतले, तर डॉक्टर म्हणाले, "गेली ती नजर परत येणार नाही. उरलीय ती किती दिवस टिकेल, मला सांगता येत नाही."

तेव्हा ताईने मनाशी एक गोष्ट धरली. गेममधल्या गावातल्या सगळ्या पाट्या पुसल्या गेल्यात आणि बादलीवाली त्या पुन्हा रंगवते, अशी गोष्ट होतीच. ताईने ठरवलं की शेवटच्या गल्लीत बाबांच्या हातच्या सगळ्या पाट्या लावायच्या. जुन्या फोटोंवरून, अक्षर न् अक्षर तसंच. आणि बाबांनी ती गल्ली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. डोळे आधी जातात की गल्ली आधी तयार होते, एवढाच प्रश्न होता.

पण तेव्हा मी जन्मलेच नव्हते. साहेबांना सगळं खऱ्यासारखं हवं होतं. बादलीवालीच्या गालावर घाम चमकायचा, भिंतीचे पोपडे मोजता यायचे, सावल्या धुरासारख्या पसरायच्या. एका रविवारी ताईने ते सगळं बाबांच्या घरी जाऊन त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावलं. बाबांनी पडद्याला नाक टेकवलं.

"रस्ता आहे वाटतं. पोरगी कुठाय?"

पोरगी पडद्याच्या मधोमध उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने खटपट्याला सांगितलं, "सगळ्यांना काळी रेघ काढ." त्याला माझी जाडी एका ठिपक्याहूनही कमी ठेवायची होती, शून्य पूर्णांक सहा दशांश. हा बहाद्दर मधलं चिन्ह विसरला आणि नुसता सहा टाकून बसला. मी पडद्यावर आले ती सहा ठिपके जाड, धष्टपुष्ट!

"अगं आई गं!" खटपट्या ओरडला. "काजळाची डबीच सांडली. थांब, पुसतो."

ताईने त्याचा हात धरला. "पुसू नकोस. राहू दे. आणि रंगही कमी कर. प्रत्येक रंगाच्या दोनच छटा ठेव, उजेडातली एक आणि सावलीतली एक. मधे काही नको."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "हा काय पोरखेळ चालवलाय?"

"साहेब, आपण पोरांसाठीच खेळ करतोय," खटपट्या म्हणाला. साहेब हात झटकत दुसऱ्या खोलीत निघून गेले, म्हणून मी वाचले.

पुढच्या रविवारी बाबा पुन्हा पडद्यासमोर बसले. पुन्हा नाक टेकवलं. मग म्हणाले, "हिचं कोपर चुकलंय. हात मोडल्यासारखा वाटतो."

ताईने बाबांच्या बहिणीला, म्हणजे आत्याला, मिठीच मारली. कोपर चुकलंय म्हणजे कोपर दिसलं! मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझा याहून मोठा सत्कार झाला नाही.

मग दर रविवारी हेच चाललं. ताई आठवडाभरात एक-दोन पाट्या करायची आणि बाबा त्यांच्यावर तुटून पडायचे. "या 'क'चं पोट खपाटीला गेलंय, दोन दिवस जेवला नाहीये का तो?" "शिंप्याची पाटी पिवळी नव्हती, हिरवी होती. फोटोला काय कळतंय?" आत्या आतून म्हणायची, "अरे, एक दिवस तरी बरं म्हण पोरीला." बाबा म्हणायचे, "बरं झालं की म्हणेन." ताई हसत हसत सगळं उतरवून घ्यायची. सोमवारी ऑफिसात येऊन खटपट्याला सांगायची, "काल सतरा चुका निघाल्या!" दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, हिला वेडबिड लागलंय की काय.

बाहेरही माझं कौतुक झालं. एका प्रदर्शनात आमचा गेम मांडला होता. तिथे शाळेतली पोरं पडद्याला बोट लावून माझ्यावरून गिरवत बसली. दोन बोटांना चटणीपोळीसारखं काहीतरी चिकट लागलेलं होतं, पण मी राग मानला नाही. साहेबसुद्धा लोकांना सांगायला लागले, "रेघेची कल्पना माझीच."

गल्ली अर्धी झाली आणि बाबांचा जुना पडदा गेला. चर्र असा आवाज झाला, जळका वास आला आणि सगळं काळं पडलं. ताईने त्याच आठवड्यात नवा पडदा आणला. साधासुधा नव्हे, दुकानातला सगळ्यात सुबक, सगळ्यात स्वच्छ. बाबांसाठी काटकसर करायची नाही, असं तिचं म्हणणं होतं.

इथेच घात झाला. नीट ऐका. पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं आणि खटपट्याने माझी जाडी ठिपक्यांत मोजली होती. जुन्या पडद्याचे ठिपके मोहरीएवढे, तर या नव्याचे खसखशीएवढे. तिथेही मी सहा ठिपकेच होते, पण सहा मोहऱ्या कुठे आणि सहा खसखशी कुठे! बादलीवाली तेवढीच उंच राहिली आणि मी निम्म्याहून बारीक झाले.

ताईला हे दिसलं नाही का? दिसलं. तेच तर दुःख आहे. तिला ते आवडलं. "आत्या, बघ ना, किती नाजूक दिसतेय आता," ती म्हणाली. चित्रकाराचे डोळे ते, चांगले धडधाकट. तिने वळून बाबांना विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होते, वीतभर अंतरावर. त्यांची नजर माझ्यावरून सरकत गेली आणि कुठेच थांबली नाही.

"छान," ते म्हणाले. "छान झालंय."

ताईचा आनंद गगनात मावेना. चाळीस वर्षं पाट्या रंगवलेल्या माणसाने पहिल्यांदा छान म्हटलं होतं! सोमवारी तिने ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली. मी पडद्यातून ओरडू पाहत होते, अगं बये, चूक काढली नाही त्यांनी, एकही चूक काढली नाही! पण रेघेला तोंड कुठे असतं?

त्या रविवारी ताई गेल्यावर पडदा चालूच राहिला होता. आत्या म्हणाली, "तुला दिसलं नाही ना? मला नको शिकवूस, लहानपणापासून ओळखते मी तुला."

"नाही दिसलं."

"मग सांग की पोरीला."

"काय सांगू? एवढा महागाचा पडदा आणलाय तिने. डोळे माझे गेलेत, पडद्याचे नाहीत."

"अरे, सकाळी कॅलेंडरवरची तारीख वाचलीस ना तू?"

"ती कागदावर असते. हा उजेड आता माझ्या डोळ्यांना झेपत नाही. हे व्हायचंच होतं. तू तिला बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे. तिची गल्ली पुरी होऊ दे."

आत्याने शपथ पाळली. नको तिथे माणसं शपथा पाळतात.

पुढचे सगळे रविवार असेच गेले. ताई पाट्या आणायची, बाबा छान म्हणायचे. न्हाव्याची पाटी छान, पिठाच्या गिरणीची छान, दवाखान्याची तर फारच छान. ताई सुखावून जायची आणि घाईघाईत पुढची पाटी करायची. बाबा पाटी कुठे आहे तेही न विचारता मान हलवायचे. आणि त्या अवधीत त्यांची उरलेली नजर खरोखरच ओसरत गेली. कॅलेंडरवरची तारीख आता आत्या वाचून दाखवू लागली.

गल्ली पुरी झाली त्या रविवारी ताईने खटपट्यालाही बरोबर आणलं. गेममधला आवाज फाटत होता, तो नीट करायला. त्याने पडदा लावला आणि तो थबकला.

"ताई, रेघ कुठे गेली?"

"आहे की. नाजूक दिसते या पडद्यावर."

"नाजूक कशी दिसेल? मी..." त्याने वाकून पडद्याला बोट लावलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मी ठिपक्यांत मोजलीय गं. ठिपकाच बारीक झालाय. माझ्या डोक्यातच आलं नाही. हा पडदा कधी आणलास?"

ताईने उत्तर दिलं नाही. ती बाबांकडे वळली. "बाबा, समोर कोणती पाटी आहे?"

"न्हाव्याची ना? छान आहे."

समोर पाटी नव्हती. बादलीवाली गल्लीच्या बाहेर, मोकळ्या माळावर उभी होती.

आत्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तारीख वाचायचा गं तो," एवढंच ती बोलली.

खटपट्याने लॅपटॉप जोडला. एक कळ दाबली की मी जाड होईन, अशी सोय करायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. फक्त दहा मिनिटांचं काम होतं ते. ताईने बादलीवालीला गल्लीत आणून उभं केलं आणि कळ दाबली. मी बारा ठिपके झाले.

"बाबा, आता?"

"नाही गं." आता खोटं बोलण्यात अर्थ उरला नव्हता.

वीस. "आता?"

"नाही."

चाळीस झाले तेव्हा बादलीवालीच्या बोटांची मूठ झाली. साठ झाले तेव्हा 'क'चं पोट बुजलं. पुढच्या खांबाची रेघ मागच्या दारावर चढली, दाराची रेघ पाटीवर चढली. शिंप्याची हिरवी पाटी गेली, गिरणीची गेली. ज्या पाट्या दाखवण्यासाठी मी जन्मले, त्या मी माझ्या हाताने बुजवत होते. थांब म्हणायची मला सोय नव्हती. ताईचं बोट कळेवरून उठत नव्हतं आणि ती विचारतच होती, आता? आता? शेवटी पडदाभर मीच उरले. काळीकुट्ट.

मग ताईने विचारणं सोडलं. कळेचा आवाजही थांबला. बाबांनी चाचपडत तिचा हात शोधला.

"झाली का गल्ली पुरी?"

"झाली, बाबा."

"कशी दिसते?"

ताईने त्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "छान दिसते."

मित्रांनो, माझी जाडी पुन्हा कुणी कमी केली नाही. तो कॉम्प्युटर परत कुणी लावला नाही. मी दोष कुणाला देऊ? खटपट्याने मनापासून काम केलं होतं, ताईने जीव ओतला होता आणि बाबांनी माया केली होती. तरी तुमच्याकडे एक मागणं मागते. घरातलं म्हातारं माणूस नेहमी खोट काढत असेल आणि एक दिवस अचानक छान म्हणायला लागलं, तर हुरळून जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, छान म्हणजे काय? काय दिसतंय तुम्हाला, बोट ठेवून दाखवा. आणि तुम्हाला स्वतःला कधी दिसेनासं झालं, तर समोरच्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. विचारायला एक रविवार पुरला असता. आमचे तेरा गेले.