मुकी कुस्ती

डोकं माझं आधीच फिरलं होतं. कॅसेटवरचं शूटिंग लॅपटॉपात घेणारं बोटभर यंत्र मी मागवलं. खोक्यावर छापलेलं, ‘सगळ्या कॉम्प्युटरवर चालतं.’ चालतं कसलं! चित्र आलं, आवाज नाही. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, वेगळा, तो सोबतच्या सीडीवर. आणि माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. नेटवरून उतरवला, तर विंडोज म्हणे, हा ड्रायव्हर जुना, चालणार नाही. मग विकता कशाला, मेल्यांनो?

कॅसेट गावच्या जत्रेचे कारभारी व्यंकटराव यांची. माझ्या जन्माआधीच्या जत्रेतली मानाच्या फेट्याची शेवटची कुस्ती त्यांनी स्वतः शूट केली होती. आई जन्मभर सांगत आली, ती कुस्ती माझे बाबा, वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीतले नरसिंग पैलवान, जिंकले. गाव म्हणायचं, बरोबरीत सुटली. बाबा गेल्यावरही आई हट्ट सोडेना, तेव्हा व्यंकटरावांनी हसत हसत कॅसेट दिली, वर आपला जुना कॅमेराही. त्याची स्क्रीन मेलेली, म्हणून तर हे यंत्र.

‘‘घे रुक्माबाई, डोळ्यानं बघ,’’ म्हणाले.

बघितलं. बाबांनी समोरच्याला उचलून आपटलं आणि ऐन वेळी पंचाची पाठ आडवी आली. मग पंचानं दोघांचेही हात वर केले.

‘‘आई, बराबरीच दिसून राहिली गं.’’

‘‘तोंड सांभाळ, सपना! आखाड्याच्या कडेला उभी व्हते मी. मुकी कुस्ती दाखवून मलाच शिकवते व्हय? आवाज आण आधी.’’

मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. औंढ्याच्या ज्या क्लासमध्ये मी शिकवते, तिथला अडगळीतला जुना कॉम्प्युटर मी घरी उचलून आणला. त्याला सीडीची खाच होती, विंडोजही जुनं. ड्रायव्हर मुकाट बसला.

कॅसेट पुन्हा लावली. हलगी, शिट्ट्या. बाबांनी आपटलं तशी अख्खी जत्रा ओरडली, ‘‘चीत! चीत!’’ आणि त्या गोंगाटात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, व्यंकटरावांचा आवाज आला.

‘‘ए पंच, बराबरी दे. त्यायच्या वस्तीत फेटा न्हाई गेला पाहिजे.’’

मग दोघांचे हात वर झाले.

यंत्रावरचा राग कुठच्या कुठे गेला. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

आई उठून उभी राहिली.

‘‘दार उघड,’’ म्हणाली. ‘‘आवाज वाढव. अन् परत लाव.’’