ओटीपीचा नंबर

आदर्शचं लग्न होऊन अकरा दिवस झाले होते, साल दोन हजार चोवीस, आणि त्याची आई मीनाबाई शाहूपुरीतल्या एका ऑफिसात कमरेच्या पिशवीतून नव्या सिमकार्डाचं पाकीट काढत होत्या. पिशवीची चेन अडकली. नवरा भाऊसो आणि मुलगी संघप्रिया दोन बाजूंना बसले होते.

"सावकाश काढा काकू," टेबलापलीकडून अमरसिंह म्हणाला, लोकांची टॅक्सची रिटर्नं भरून देणारा. "घाई न्हाय. शेवटची तारीख परवा हाय."

भाऊसोंनी सव्वीस वर्षं फौंड्रीत लेथ चालवली होती. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळ भाड्याच्या गाळ्यात त्यांच्या स्वतःच्या दोन जुन्या लेथ होत्या. बाईच्या नावावर कर्जाला सवलत मिळते म्हणून धंदा मीनाबाईंच्या नावावर काढला होता. जीएसटीचं पहिलं रिटर्न भरायचं होतं. काम देणारी कंपनी एकच, आणि तिच्या मालकांनी बजावून सांगितलं होतं, की रिटर्नचं अमरसिंहकडंच द्या, आमची सगळी मंडळी तिथंच असतात.

संघप्रिया आदल्या दिवशी वडिलांना राजारामपुरीत निशिगंधा मॅडमकडे घेऊन गेली होती. मॅडम सीए होत्या. त्यांनी तासभर बसवून एकेक बिल मागितलं, दोन बिलं परत केली आणि जाताना म्हणाल्या, "फोन आईंच्याच हातात राहू दे. ओटीपी आला की आधी विचारायचं कशाचा, मग सांगायचा. मलासुद्धा."

"मास्तरीण हाय नुसती," जिना उतरताना भाऊसो म्हणाले होते. "मालकांचं मोडून हिच्याकडं जायाचं व्हय?"

अमरसिंहनं मात्र एकही बिल मागितलं नव्हतं. चहा सांगितला होता.

"हे सिम माझ्याकडं ऱ्हाईल," तो म्हणाला. "नोंदणीतला नंबर बदलून हा टाकतो. पुन्हा ओटीपीसाठी काकूंना भाकरी थापताना उठाय नको."

"पण आईला कळणार कसं, तिच्या नावानं काय काय भरलंय ते?" संघप्रियानं विचारलं.

"पोरगी डिप्लोमावाली न्हवं?" अमरसिंह हसला. "अगं ताई, तुम्ही लेथ फिरवा. हे फिरवाय आम्ही हाय की."

"तसं न्हाय, नाव माझं हाय म्हणून इचारती ती," मीनाबाई म्हणाल्या. चेन सुटली. पाकीट टेबलावर आलं.

अमरसिंहनं खालचा मोठा खण ओढला. आत बटणांचे छोटे फोन उभे लावलेले होते, चाळीस तरी असतील. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर पेनानं नाव. चिमणाबाई. धोंडुबाई. बायकांचीच नावं जास्त होती.

"ह्या सगळ्या माझ्या पार्ट्या," तो म्हणाला. "आजपतोर एकाला नोटीस न्हाय."

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक फोन थरथरला. अमरसिंहनं तो न बघताच उचलला, आलेले आकडे कॉम्प्युटरवर टाकले आणि फोन टेबलावर ठेवला. पट्टीवर लिहिलं होतं, गुंडू शिंत्रे.

भाऊसो पुढं वाकले.

"ह्यो गुंडू म्हंजे चंदगडचा? फौंड्रीत माझ्या शेजारच्या मशीनवर हुता त्यो?"

"त्योच की. तुमच्यासारखाच गाळा काढलाय त्यानं. लई गुणी माणूस, पावणं. कधी एका शब्दाची तक्रार न्हाय."

मीनाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ हलले. भाऊसोंनी टेबलाखाली त्यांचं मनगट धरलं.

"बरा हाय न्हवं?" भाऊसोंनी विचारलं.

"झकास. आत्ताच त्याचं रिटर्न गेलं की तुमच्यासमोर. गेल्या महिन्यात तर मालकांच्या कंपनीला सगळ्यात जास्त बिलं त्याचीच." अमरसिंहनं तो फोन पुन्हा रांगेत उभा केला. शेजारी एका फोनाची जागा मोकळी होती. "आणा ते सिम."

पंखा फिरत होता. मीनाबाईंनी मनगट सोडवून घेतलं, पाकीट उचललं आणि पुन्हा पिशवीत टाकलं.

"हे चुकून पोराचं आणलं," त्या म्हणाल्या. "उद्या आणती."

"आई, ते तर..." संघप्रिया म्हणाली आणि आईच्या तोंडाकडं बघून थांबली.

अमरसिंहचा तळवा टेबलावर तसाच उघडा होता. तो अजून हसत होता.

"काकू, कालच घेतलंय ते, तुमच्याच नावानं. दुकानदार आपलाच हाय, त्यानं फोन केलता मला." त्यानं खण बंद केला नाही. "आणि मालकांनी सांजला इचारलं, तर काय सांगू?"

तिघंही उठली. जिन्यात भाऊसो एका हातानं भिंत धरून उतरत होते.

गुंडू शिंत्रे दोन हजार बावीसच्या जुलैत चंदगडला वारले. भाऊसोंनी त्यांना खांदा दिला होता.