पाच हजार किलोमीटर, दोन्ही बाजूंनी

मित्रांनो, फिरून फिरून डोकं उठलेला एक जुना पृथ्वीगोल तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म टोरोंटोच्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या गोळ्यावर नकाशाच्या पट्ट्या चिकटवल्या, वरून चकाकी दिली आणि मला कायमचं तिरकं बसवलं. पुढे देशाच्या वायव्य टोकाला, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सच्या शाळेत मी पुष्कळ वर्षं काढली. मुलं मला भिंगरीसारखा गरगरवत, तरी भूगोलाच्या अ‍ॅग्नेसबाई माझं कौतुक करत. शाळेने नवे नकाशे घेतले, तेव्हा त्याच अ‍ॅग्नेसबाईंनी मला घरी आणलं. तिथून माझे हाल सुरू झाले.

त्यांची धाकटी बहीण ब्राइड देशाच्या पार पूर्वेच्या टोकाला, माहेरच्या गावी सेंट जॉन्सला राहायची. दोघी कित्येक वर्षांत भेटल्या नव्हत्या. दर रविवारी फोन, आणि दर रविवारी तोच वाद : कोणी कोणाकडे यायचं? बाई मला टेबलावर ओढत आणि व्हाइटहॉर्सपासून सेंट जॉन्सपर्यंत लोकरीचा धागा ताणत. अहो, इकडून ताणा नाहीतर तिकडून, अंतर तेवढंच! पाच हजार किलोमीटरांच्या थोडं वर. पण दोघींनाही ते आपल्याच बाजूने लांब वाटे.

अ‍ॅग्नेसबाई म्हणायच्या, ब्राइडचं बरं आहे, पश्चिमेला येताना घड्याळ मागे जातं, सकाळी निघाली की त्याच दिवशी इथे. ब्राइड म्हणायची, घड्याळाचं मला सांगू नकोस, वारा मला समोरून आणि तुला पाठीमागून. दोघींचंही खरं, म्हणून तर भांडण मिटेना. बाईंचे यजमान गॉर्डन खुर्चीतूनच टोमणा मारत, "अर्ध्या वाटेवर विनिपेगला भेटा आणि तिथेच भांडा." विनिपेग तर माझ्या धाग्याच्या वाटेतही नाही! धागा घासून माझी हडसनची खाडी पुसट झाली, पण एकीचंही पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं नाही.

मग एका रविवारी ब्राइड भांडलीच नाही.

"अ‍ॅग्नेस, डॉक्टर म्हणाले, हिवाळा सरेपर्यंत काही माझी नजर टिकत नाही. तुझा चेहरा एकदा बघून घ्यायचा होता."

बाईंच्या हातातला धागा सुटला. "हे आधी का नाही बोललीस?"

"दया येऊन आलेली नको होतीस गं. भांडून हरलीस म्हणून यायला हवी होतीस."

त्याच आठवड्यात बाई निघाल्या. व्हँकुव्हरला विमान बदललं, टोरोंटोला बदललं. सेंट जॉन्सवर इतकं धुकं की विमान घिरट्या घालून हॅलिफॅक्सला उतरलं, आणि धुकं विरेपर्यंत बाई तिथल्या बाकावर बसून राहिल्या. आता यातलं माझ्यावर काय छापलंय? ना धुकं, ना खोळंबा. तरी लोक मलाच विचारतात, किती वेळ लागेल!

परतल्यावर बाईंनी सगळं गॉर्डनना सांगितलं. ब्राइडने विमानतळावर त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं!"

गॉर्डननी विचारलं, "मग, खरंच एवढं लांब आहे का?"

"फारच लांब," बाई म्हणाल्या. "नाताळात परत जाते."

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा. ओल्याने माझे समुद्र सुटतात. अंतर विचारा, मी आनंदाने सांगेन. पण पलीकडे आपलं माणूस वाट बघत असेल, तर माझ्यावर धागे ताणत बसू नका. तिकीट काढा.