काजबटण

“विचारलं मला, आणि मध्येच तोंड खुपसलं हिनं!” डॉक्टरीणबाईंसमोरच कातरबाई सुनेवर उखडल्या.

चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे बेतले, काजं केली. कात्रीपेक्षा जीभ धारदार, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं. पुढं संधिवातानं बोटं आखडली. गोळ्यांनी गुण नाही, सहा महिने घेतलेलं इंजेक्शनही फुकट गेलं, तरी डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, “आमचं झकास आहे.” आज मात्र सून बोलून गेली, “कसलं झकास! यांच्या ब्लाउजची बटणं रोज मी लावते.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “अहो, मी तेच औषध पुढं चालू ठेवणार होते.”

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक औषध काही महिन्यांनी दवाखान्यात येऊन सलाइनमधून घ्यायचं. दुसरं दर आठवड्याला घरीच टोचायचं. “दोन्हींत दुसरे आजार चटकन धरतात, म्हणून आधी क्षयाची तपासणी. ताप अंगावर काढायचा नाही. कुठलं लागू पडेल, ते घेतल्यावरच कळेल.”

“ते राहू द्या. माझ्या हातात कुठलं राहील, ते सांगा.”

नर्सनं घरी टोचायच्या इंजेक्शनची, सरावासाठीची दोन पेनं पुढं ठेवली. पहिल्याला वर खटका. दाबून दाबून अंगठा लाल झाला, खटका हलेना. सून उठली.

“बस खाली!”

दुसऱ्याला खटकाच नव्हता. टेकवून दाबलं की झालं. बाईंनी ते तळहातात धरून स्पंजच्या उशीवर रोवलं. टक्!

“हे घेते. यात अंगठ्याची मिजास नाही.”

चार महिन्यांनी एका सकाळी सून नेहमीच्या वेळी खोलीत आली.

“थांब तिथंच.”

आरशासमोर पाच बटणं लावायला बराच वेळ लागला. वरचंच चुकल्यानं खाली एक काज उरलं. बाईंनी सगळी काढली, पुन्हा पहिल्यापासून लावली. सुनेचे हात दोनदा पुढं आले. तिनं ते पाठीमागं बांधले.

शेवटचं बटण बसलं. कातरबाई वळल्या.

“चोंबडी ती चोंबडीच तू. पण त्या दिवशी गप्प बसली असतीस, तर अजून लहान पोरीसारखी तुझ्यापुढं उभी असते. यापुढं माझ्या आधी नको, माझ्यानंतर बोल.” पदर खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, “पण बोल.”