खालची पट्टी

मिस्त्रींनी डिशवॉशरच्या दाराला कान लावला आणि हात वर करून मुलीला गप्प राहायला सांगितलं. आत नुसती घरघर. पाणी पडल्याचा आवाज नाही.

"जुनं झालंय बाबा. द्या सोडून."

"जुनं काही नाही. आजारी आहे, इतकंच."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरची असली यंत्रं दुरुस्त केली होती. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि तसं सांगायला ते कधी लाजले नाहीत. आज मात्र बढाई मारायची सोय नव्हती. मुलीच्या पर्समध्ये वृद्धाश्रमाचा अर्ज होता. बाबा एकटे राहू शकतात की नाही हे ती आज दिवसभर बघणार होती आणि संध्याकाळी तिकडे फोन करून कळवणार होती. आल्यापासून तिने गॅसची बटणं दोनदा तपासली होती. एवढं यंत्र सुरू झालं की तिची खात्री पटेल, असं मिस्त्रींनी मनाशी धरलं होतं.

त्यांनी बटण बंद करून यंत्र पुढे ओढलं. मागची नळी कुठे मुडपली नव्हती. दाराची कडी नीट बसत होती. तळाशी पाण्याची पातळी ओळखणारा फ्लोट असतो. तो वर अडकला की यंत्राला वाटतं, पाणी भरलं. तोही बिचारा मोकळा होता. मिस्त्रींना घाम फुटला.

"दमलात का?"

"दमायला काय डोंगर चढलोय?"

राहता राहिला पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह. तो खालच्या पत्र्याच्या पट्टीमागे. ते कुशीवर आडवे झाले, चार स्क्रू काढले आणि पट्टी उलटी केली.

मिस्त्रींची एक जुनी खोड होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या पट्टीवर ते आतून मार्करने तारीख आणि दुखणं लिहीत. पुढच्या वेळी येणाऱ्याला सोपं जावं म्हणून. आणि पुढच्या वेळी बहुधा तेच येत. या पट्टीवर सगळ्यात वर, बायको होती तेव्हाचं, 'दाराचं रबर बदललं' असं लिहिलेलं होतं. त्याखाली ताज्या शाईत होतं, 'पाणी येत नाही. सिंकखालचा नळ बंद होता. उघडला.' तारीख गेल्या महिन्यातली. त्याखाली पुन्हा तीच ओळ. त्याखाली पुन्हा. एकूण पाच वेळा, आणि शेवटची गेल्या मंगळवारची. अक्षर त्यांचंच होतं. त्यातली एकही दुरुस्ती त्यांना आठवेना.

घराबाहेर पडताना यंत्राचा नळ बंद करा, नळी फुटली तर घरभर तळं होईल, हे त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांना बजावलं होतं आणि स्वतःही पाळलं होतं. पाणी येत नसेल तर आधी नळ बघा, हेही त्यांनीच हजारदा सांगितलं होतं. त्यांनी सिंकखाली हात घातला. नळ बंद होता. त्यांना रडू आलं, पण मुलगी मागेच उभी होती म्हणून त्यांनी ते गिळलं.

नळ उघडून त्यांनी बटण लावलं. पाणी खळखळत आत शिरलं.

"अय्या, जमलं की!" मुलगी हसत त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. "मीच उगाच घाबरले होते बाबा. तुम्ही राहा इथेच. त्यांना मी नाही म्हणून कळवते."

हेच ऐकण्यासाठी त्यांनी सकाळपासून जिवाचं रान केलं होतं. आता पट्टी बसवायची आणि चार स्क्रू पिळायचे, एवढंच काम उरलं होतं.

"आज तारीख काय गं?"

तिने सांगितली. त्यांनी खिशातला मार्कर काढला, सगळ्यात खाली ती तारीख घातली आणि पुढे तीच ओळ लिहिली. मग स्क्रू तिथेच राहू दिले आणि पट्टी मुलीच्या हातात ठेवली.

"चष्मा लाव," ते म्हणाले, "आणि वरपासून वाच."