दोर मी सोडला

"शिंक येणं ही कृती, की नुसतं घडणं?" बेर्नाबेने चष्मा नाकावर सारला आणि कागदावरचा प्रश्न वाचला.

"नुसतं घडणं," तोंडातला सुक्या माशाचा घास गिळत जोव्हेलिन म्हणाली. "माणसाची कृती म्हणायची तर ती जाणून केलेली हवी, मोकळेपणी केलेली हवी, आणि आपली इच्छा तिच्यात हवी. पुढचा विचारा, ताताय."

"आणि घोरणं?"

"घोरण्याचा प्रश्न नाहीये त्यात."

"मी आपला माझ्या सोयीचा विचारला."

बापलेक हसले. अकरा दिवसांत त्या घरात हसू आलं ते पहिल्यांदाच, आणि तेही फार टिकलं नाही. सकाळचे सात वाजले होते. दहा वाजता जोव्हेलिनचा कॉलेजात नीतिशास्त्राचा पेपर होता आणि दहालाच बेर्नाबेची बंदर कचेरीत चौकशी होती. तिची आई कतारला परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती, त्यामुळे पोरीचं पाठांतर घ्यायचं काम बापाकडेच होतं.

सत्तावन्न वर्षांचा हा माणूस पुंता ब्लांकाच्या धक्क्यावर बावीस वर्षं याद्या ठेवत आला होता. पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बांका, दोन्ही अंगांना बांबूचे लांब हात असलेल्या त्या मोटारहोड्या, त्याच्या सहीशिवाय सुटत नसत. प्रवाशाने नाव नि वय सांगायचं, अठ्ठावीस नावं झाली की यादीखाली रेघ मारायची. नियम इतका सोपा. पण बेटावरच्या सांता मोनिकाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ती रेघ रबराची व्हायची. "मानोंग नाबे, मोठे भाऊ ना तुम्ही आमचे, एवढा एक जण घ्या," असं कुणी म्हटलं की तो एक जण चढायचा, रेघेच्या खाली, बिननावाचा. सगळा धक्का म्हणायचा, मानोंग नाबे म्हणजे देवमाणूस. आता हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

यंदा जत्रेच्या आदल्या दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी इशाऱ्याची चिठ्ठी आली. वारा वाढतोय, चारनंतर लहान होड्या सोडू नयेत. बेर्नाबेने ती वाचली, घडी घातली आणि टेबलावरच्या मोठ्या शिंपल्याखाली सारली. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची बांका भरली. अठ्ठावीस नावं झाली, रेघ ओढून झाली, आणि तेवढ्यात खांद्यावर अख्खं भाजलेलं डुक्कर घेऊन एलिसेओ धावत आला. रिक्षा दुरुस्त करणारा, धक्क्यावर सगळ्यांच्या ओळखीचा. बेर्नाबेने त्याला हात देऊन वर चढवलं आणि खुंट्याचा दोर स्वतः सोडला. अर्ध्या वाटेत बांका उलटली. यादीतले अठ्ठावीस जण आणि बांकावाला बांबूंना धरून राहिले, त्यांना मच्छीमारांनी काढलं. एलिसेओ दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

"आता दोष कमी करणाऱ्या गोष्टी विचारा," जोव्हेलिन म्हणाली.

"अज्ञान."

"ते दोन तऱ्हेचं. एक दूर करताच येत नाही, त्याचा दोष लागत नाही. दुसरं दूर करता येतं, पण आपण करत नाही."

"माझ्याकडे कुठलंच नव्हतं. चिठ्ठी मी वाचली होती."

"ताताय, पेपर माझा आहे."

"हो, हो. भीती."

"भीती वाटली तरी काम आपणच करतो. दोष कमी होतो, जात नाही." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला दमात घेतलं होतं का कुणी? त्या बांकावाल्याने?"

"तो बिचारा म्हणत होता, मानोंग, बघा बुवा, वारा काही बरा दिसत नाही. मीच म्हटलं, जा रे, जत्रा आहे."

हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिने ताटली बाजूला सारली.

"मग सवय," ती म्हणाली, आणि आता ती पेपराचं बोलत नव्हती. "बावीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला दोराकडे. शिंक येते तसा. एवढंच म्हणा तिथे, ताताय. एवढं तर खरंच आहे."

"तुझ्या कागदावर सवयीपुढे काय लिहिलंय? मला बारीक अक्षर दिसत नाही."

"दिसतंय तुम्हाला."

"वाच."

तिने कागदाकडे न बघताच म्हटलं, "सवय माणसाने स्वतःच लावून घेतलेली असते. ती मोडायची खटपट केली नसेल, तर सवयीने केलेलं कामही त्याचंच." आणि मग एकदम उसळली. "बंदर कचेरीतल्या पामा सरांनी निरोप पाठवलाय ना? सगळं टाईप करून ठेवलंय, सही केली की नुसती बदली. नाहीतर नोकरी जाईल, तीन वर्षांवर आलेली पेन्शन जाईल, वर कोर्टात उभं करतील. आईला अजून पाच वर्षं तिथंच कुढावं लागेल. माझं शेवटचं वर्ष आहे. तुम्ही बोललात म्हणून एलिसेओ परत येणार आहे का?"

"नाही."

"मग आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

बेर्नाबे सदऱ्याच्या बाहीचं बटण लावत होता. ते काही लागेना. तिने उठून लावून दिलं.

"आज पेपरात सवयीपुढे काय लिहिशील?" त्याने विचारलं.

"ते पेपरापुरतं असतं."

"मला नाही जमत ते पेपरापुरतं ठेवायला. बावीस वर्षं देवमाणूस म्हणवून घेतलं, ते सगळं माझं. आणि एवढं एकच मात्र वाऱ्याचं?"

"मला तुमचा फार राग येतोय, ताताय."

"येऊ दे. पेपर नीट लिही."

बंदर कचेरीत पामा सरांनी त्याला खुर्ची दिली. माणूस भला होता. चौकशी कुणाचंही नुकसान न होता उरकावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. मागच्या बाकावर काळे कपडे घातलेली एक बाई बसली होती, एलिसेओची बायको फेलिसा. नवरा पुरल्यापासून ती रोज कचेरीत येऊन बसायची. तिला कुणी पाणी द्यायचं, कुणी म्हणायचं समुद्रापुढे कुणाचं चालतं, कुणी म्हणायचं देवाची मर्जी. नवऱ्याचं नाव यादीत नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री तो त्या बांकेत बसलाच नव्हता.

"इथे सही करा, मानोंग," पामा सर म्हणाले.

बेर्नाबेने कागद वाचला. इशारा वेळेत न मिळाल्यामुळे आणि जत्रेच्या गर्दीच्या रेट्यामुळे, असं त्यात लिहिलं होतं.

"इशारा वेळेत मिळाला होता, सर."

"हळू बोला." पामा सर पुढे वाकले. "बरं, ते काढू. गर्दीचा रेटा तर होता? लोकांनी गलका केला, तुम्ही भांबावलात. कुणाचंही होतं."

"गलका होता. भांबावलो नव्हतो." बेर्नाबेने घसा खाकरला. "मला बरं वाटत होतं. सगळे माझं नाव घेत होते. चिठ्ठी शिंपल्याखाली आहे हे तेव्हाही आठवत होतं मला. पण थांबवलं असतं तर त्याच तोंडांनी शिव्या घातल्या असत्या, आणि ते मला नको होतं. म्हणून दोर मी सोडला."

"आणि तो एलिसेओ? तो तुमच्या परवानगीने चढला असं कागद म्हणत नाही. कागद म्हणत नाही ते तुम्ही कशाला म्हणता?"

"हात मी दिला त्याला."

पामा सरांनी पेन खाली ठेवलं. "घरी मुलगी आहे तुमची. हे एकदा लिहिलं की मला पुसता येणार नाही."

"म्हणूनच लिहा. आणि बांकेत एकोणतीस प्रवासी होते असं लिहा. एकोणतिसाव्याचं नाव घाला."

पामा सरांनी कोरा कागद ओढला. "नाव?"

"एलिसेओ दियाल."

"वय?"

त्या दुपारी विचारलं असतं तर बेर्नाबेला ठाऊक असतं.

"एकेचाळीस," मागच्या बाकावरून फेलिसा म्हणाली.

ते लिहिलं गेलं. बेर्नाबेने सही केली, एरवी करायचा तशी घाईघाईत नव्हे, एकेक अक्षर सुटं काढून. धक्क्यावरच्या खोलीची किल्ली त्याने न मागताच टेबलावर ठेवली. पामा सरांनी ती उचलली नाही आणि परतही दिली नाही.

तो बाहेर ओट्यावर आला तेव्हा फेलिसा त्याच्या मागोमाग आली. चार पावलांवर थांबली.

"अकरा दिवस मी समुद्राला शिव्या देतेय," ती म्हणाली. "मग देवाला दिल्या. मग त्या मेल्या डुकराला. कुणाला काही लागतच नाही."

"मला द्या."

"देईन. रोज देईन. माफ नाही करणार तुम्हाला."

"नका करू."

ती आणखी काहीतरी बोलायला गेली, पण शब्दाऐवजी हुंदका फुटला, आणि मग ती भर ओट्यावर मोठमोठ्याने रडायला लागली. येणारीजाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. बेर्नाबेही जाऊ शकला असता. तो टोपी दोन्ही हातांत धरून भिंतीशी उभा राहिला, आणि तिचं रडून होईपर्यंत तिथून हलला नाही.